डाव्या बाजूचं मागचं दार

"...मग दार लागत का नाही, चाचा? बिजागऱ्या नव्या आहेत. लॉक नवं, रबर नवं. फट मोजली, वर तीन मिलिमीटर, खाली साडेपाच. घासून झालं. चकत्या घालून झाल्या, काढून झाल्या, परत घालून झाल्या. आठ महिने एका दारापायी गेले."

लाडलेचाचा पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग उघडली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

"आणि बाकीची तीन दारं?"

"ती लागतात."

"बरं..."

लाडलेमशाक शिकलगार हे मिरजेतले जुने डेंटर. चेपलेला पत्रा ठोकून पुन्हा त्याच्या मूळ गोलाईवर आणायचा, हे काम त्यांनी साठ वर्षं केलं. आता वय ऐंशीच्या पुढं गेलेलं. हातोडी सुटून पाच वर्षं झाली होती. बोटं शेंगा सोलण्यापुरतीच वळत. तरी आसपासच्या गावांत कुणी जुनी गाडी उभी करायला घेतली, की तो माणूस एकदा तरी त्यांच्या अंगणात येऊन बसायचाच.

समोर बसलेला जिनेंद्र मगदूम जयसिंगपूरचा. पुण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्याचा प्रमुख होता. त्याच्या सहीशिवाय एक नग बाहेर जात नसे. केसाच्या निम्म्यानं चूक असली तरी त्याला दिसे, आणि दिसली की तो बोलून दाखवी. मग ती मशीनची असो की माणसाची.

निवृत्त होऊन गावी आला, तेव्हा वडिलांची, आप्पांची, छपन्न सालची गाडी शेडमध्ये कोंबड्यांचं घर होऊन पडली होती. गोल पाठीची, बसक्या नाकाची. असल्या गाडीला लोक तेव्हा डुक्कर म्हणत. जिनेंद्रनं ठरवलं, ही आपल्या हातानं पूर्ववत करायची. बाहेरच्या गॅरेजला द्यायची नाही.

पत्र्याचं काम शिकायला तो चाचांकडं आला होता. पहिल्याच दिवशी चाचा म्हणाले होते, "साहेब म्हणून आलात तर खुर्ची देतो. शिकायला आलास तर ती बादली भरून आण."

त्यानं बादली भरून आणली. सहा महिने दर रविवारी येत राहिला. चांगलं शिकला. आपण चांगलं शिकलो, हेही त्याला चांगलं ठाऊक होतं.

"चाचा, एकदा येऊन बघा."

"तुला शिकवलंय की मी."

"शिकवलंय. म्हणून तर कळत नाही."

चाचांनी मान वर केली. त्याच्याकडं जरा वेळ बघितलं. मग ताट उचलून सुनेच्या हातात दिलं आणि चपला शोधू लागले.

* * *

जयसिंगपूरच्या घराच्या मागं पत्र्याची शेड होती. शेडच्या डाव्या अंगाला एक भिंत. तीन वर्षांपूर्वी बांधलेली, अजून गिलावा नसलेली. भिंतीपलीकडं घराचा दुसरा अर्धा भाग. तिथं जिनेंद्रचा थोरला भाऊ नेमगोंडा एकटाच राहायचा. सगळे त्याला अण्णा म्हणत. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. ते बंद झालं त्याच महिन्यात भिंत उठली होती.

शेडमधली गाडी बघून कुणीही थबकलं असतं. साईच्या रंगाचा लेप आरशासारखा. डाव्या बाजूचं मागचं दार तेवढं बोटभर बाहेर राहिलेलं. खाली चार लोखंडी घोड्या, आणि गाडी त्यांच्यावर गुडघाभर उंच, अधांतरी. चाकं भिंतीशी उभी करून ठेवलेली, कापडात गुंडाळलेली.

चाचा गाडीभोवती एकदा फिरले. दाराला हात लावला नाही.

"हवेत किती दिवस हाय ही?"

"तीन वर्षं."

"खाली घे."

"खाली? चाचा, बुडाला अजून रंगाचा शेवटचा हात..."

चाचा तेलाच्या एका डब्यावर बसले.

जिनेंद्रनं जॅक आणला. एकेक चाक चढवलं, एकेक घोडी काढली. तासभर लागला. शेवटचा जॅक सोडला तेव्हा गाडी सावकाश खाली बसली आणि स्प्रिंगांतून लांब आवाज आला.

"आता लाव दार."

लावलं. पूर्वी बोटभर बाहेर राहायचं, ते आता नखाएवढं राहिलं.

जिनेंद्र दाराकडं बघत राहिला. आठ महिने तो दार घासत होता, आणि घोड्यांवर चढवलेली गाडी मधोमध वाकली होती. हे त्याला कळायला हवं होतं. त्याच्या हाताखालचा एखादा पोरगा असा चुकला असता, तर त्यानं त्याला सगळ्यांदेखत विचारलं असतं.

"अजून राहतंय थोडं," तो म्हणाला.

"रिकामी हाय ना. वजन पाहिजे. माणसं बसली की पत्रा जागेवर येतोय."

एवढं सांगितलं की जिनेंद्रला पुढचं सांगावं लागत नसे. घरामागं बांधकामाची वाळू पडली होती. त्यानं चार पोती भरली. वजनकाटा आणला. प्रत्येक पोतं बरोबर पासष्ट किलो. दोन पुढच्या सीटवर, दोन मागच्या. सीट मळू नये म्हणून खाली चादर.

मग दार लावलं.

खट्ट.

एकच आवाज. भरीव आणि बारका. त्यानं कागदाची पट्टी फटीत घालून ओढून बघितली. वर, मध्ये, खाली. सगळीकडं सारखीच अडत होती. त्याला हसू आवरेना.

"झालं, चाचा!"

"उघड."

उघडलं.

"लाव."

खट्ट.

"आता आतनं लाव."

"आतून?"

"दार बाहेरनं ड्रायव्हर लावतोय. बसणारा आतनं लावतोय."

जिनेंद्र म्हणाला, "पण आत पोतं आहे."

"तेच म्हणतोय मी. पोतं आतनं दार लावत न्हाई."

जिनेंद्रनं एक पोतं ओढून काढलं, स्वतः आत बसला, दार ओढलं. नवं रबर ताठ होतं, बंद काचांमुळं आतली हवा दाटली. दार अर्धवट अडकलं. दुसऱ्यांदा ओढलं. तेच.

"तू आत बसलास तर बाहेरनं कोण बघणार, कुठं अडतंय ते?" चाचा डब्यावरून म्हणाले. "माणूस बोलाव."

जिनेंद्र उतरला. बोलावण्यासारखं घरात एकच माणूस होतं. पद्मा, त्याची बायको, चहाचे पेले घेऊन शेडच्या तोंडाशी उभीच होती. तिथून आत ती कधी येत नसे. हात लागेल, डाग पडेल, हे तीन वर्षं ऐकून तिनं तो उंबरा स्वतःच ठरवून घेतला होता.

"पद्मा, जरा बसतेस?"

"मी? आत?"

"हो."

तिनं पेले खाली ठेवले, पदराला हात पुसले, चपला काढल्या. गाडीत बसताना कुणी चपला काढत नाही, हे तिला सांगावं असं जिनेंद्रला वाटलं. तो बोलला नाही.

पुढचं दार उघडून ती पोत्याच्या कडेला कशीबशी टेकली. त्या गाडीची पुढची दारं उलटी उघडतात, तिला ते कळायला वेळ लागला.

"पुढं नको, मागं. मागचं दार आहे ते."

"मागं मी कधी बसलेच नाही," पद्मा उतरत म्हणाली. "मागं मामंजी बसायचे. त्या डाव्या कोपऱ्यात. अण्णा चालवायचे."

चाचांनी चहाचा पेला उचलला.

"चालवायचे ते कुठं असतेत आता?"

भिंतीपलीकडं बादली आपटल्याचा आवाज आला. मग खोकल्याचा.

"...तिथं असतेत व्हय," चाचा म्हणाले.

"चाचा, त्यांचं नको. त्यांना ही गाडी नकोच होती. मी हात घातला त्या दिवशी म्हणाले, भंगारात दे. चारचौघांत म्हणाले, ही काही बाहेर पडत नाही आणि हा पण पडत नाही. मी गाडी उभी करतोय हे त्यांना बघवत नाही."

"असं ते म्हणाले?"

"म्हणाले नाहीत. पण मला कळतं."

"दार का लागत न्हाई, हे पण तुला कळत होतं."

पद्मानं मान खाली घातली. चाचांनी चहा संपवला, पेला पालथा घातला.

"हे दार इतकी वर्षं ज्यानं लावलं, त्याचा हात मला बघायचाय. बसू नको म्हणावं. नुस्तं लावून दाखव म्हणावं."

* * *

भिंतीला दार ठेवलेलं नव्हतं. जिनेंद्रला पुढच्या रस्त्यानं वळसा घालून जावं लागलं. पन्नास पावलं. तीन वर्षांत तो त्या फाटकापुढून रोज गेला होता, फाटकातून आत एकदाही नाही.

अण्णा अंगणात लुगड्याच्या जुन्या पट्टीनं सायकल पुसत होता. सत्तरीचा, उंच, पाठीत किंचित वाकलेला.

"अण्णा..."

अण्णानं वर बघितलं. हातातली पट्टी तशीच राहिली.

"मिरजेचे मिस्त्री आलेत. डावीकडचं मागचं दार लागत नाही. तू कसं लावायचास, ते त्यांना बघायचंय."

अण्णानं सायकलचं चाक एकदा फिरवलं.

"मी त्या गाडीत बसणार न्हाई."

"बसू नको. फक्त लावून दाखव."

अण्णा आला. शेडच्या तोंडाशी थांबला. गाडीचा रंग बघून त्याचा चेहरा हलला की नाही, जिनेंद्रला समजलं नाही. चाचांना त्यानं हात जोडले. चाचांनी दाराकडं बोट केलं.

अण्णानं दाराच्या खाली डावा हात घातला. उजवा दाराच्या मुठीवर. दार किंचित वर उचललं आणि ढकललं.

खट्ट.

"उचलून लावायचं," अण्णा म्हणाला. "बैलगाडीनं धडक दिली हुती एकदा, तवापासनं ते खाली बसायचं."

"आता बिजागऱ्या नव्या आहेत, अण्णा. उचलायची गरज नाही."

"असंल. हाताला ते म्हाईत न्हाई."

त्यानं हात मागं घेतला. पण गेला नाही. मुठीकडं बघत उभा राहिला. मग तो बोलू लागला, तेव्हा कुणाला सांगत होता हे कळत नव्हतं.

"त्या दिवशी आप्पाला हितंच बसवलं. छातीत दुखतंय म्हणाला, म्हणून मिरजेला दवाखान्यात न्यायचं. घाईत दार आदळलं. उचललं न्हाई. लागलं असं वाटलं. उदगाव सोडलं आणि खडखड सुरू झाली. आप्पा मागनं म्हणाला, नेमू, दार. एवढंच म्हणाला. अंकलीच्या पुलावर गाडी थांबवली. उतरलो, फिरून आलो, दार उचलून लावलं. परत येऊन बसलो. मागं बघितलं..."

अण्णानं तोंडावरून हात फिरवला.

"काचेपलीकडं आप्पा हुता, जिनू. हातभर लांब. आणि मी दाराकडं बघत हुतो."

जिनेंद्रला हे नवीन होतं. वीस वर्षं झाली, आणि त्याला माहीत नव्हतं. आप्पा वाटेत गेले, एवढंच त्याला फोनवर कळलं होतं.

"मला कधी बोलला नाहीस."

"बोलणार हुतो. तू पुण्यासनं आलास. पायातले बूट काढले न्हाईस, आणि विचारलंस, किती वाजता निघालात? पुलावर किती वाजता? दवाखान्यात किती वाजता? मी सांगितलं. तू मनात बेरीज केलीस. आणि म्हणालास, सहा-सात मिनिटं कुठं गेली?"

जिनेंद्रला ते आठवत नव्हतं. पण आपण तसंच विचारलं असणार, यात त्याला शंका वाटली नाही. तो तसंच विचारायचा. सगळ्यांनाच.

तो वळला आणि गाडीतली पोती काढू लागला. पुढचं काढलं. दुसरं काढलं. मागचं उरलेलं काढताना त्याच्या पायावर वाळू सांडली, साईच्या रंगावर ओरखडा उमटला. त्यानं बघितलं आणि तसंच सोडलं. चादर झटकली. डावा कोपरा हातानं पुसला.

चाचा उठले.

"माझी बस चुकली वाटतं. मला मिरजेला कोण सोडतंय?"

"जिनू सोडंल," अण्णा म्हणाला.

"एकट्या याच्यासंगं जायला मला भ्या वाटतंय. तीन वर्षं यानं गाडी हवेत चालवलीया."

पद्मा हसली. अण्णाच्याही मिशीखाली काहीतरी हललं. चाचा पुढच्या सीटवर जाऊन बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि समोर बघू लागले. कुणाची घाई केल्यासारखं त्यांनी काहीच केलं नाही.

अण्णा उभा राहिला. एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा गाडीकडं. मग वाकला, आत शिरला, आणि डाव्या कोपऱ्यात बसला. आतून दार ओढलं.

दार अर्धवट अडकलं.

बिजागऱ्या नव्या होत्या. उचलायची काही गरज नव्हती. जिनेंद्रनं खालून हात घातला, दार किंचित वर उचललं, आणि लावलं.

पद्मा म्हणाली, "या तुम्ही. मी अण्णांच्या पण भाकरी टाकते."

* * *

इंजिन वर्षापूर्वीच झालं होतं. शेडमध्येच सुरू करून शेडमध्येच बंद केलं जायचं. आज गाडी फाटकातून बाहेर आली, गल्ली ओलांडून हमरस्त्याला लागली. भाजीच्या गाड्यांपाशी माणसं वळून बघत होती. जिनेंद्र त्या नजरांची तीन वर्षं वाट पाहत होता. आता तो आरशात मागं बघत होता.

उदगाव गेलं. पुढं नदी दिसली.

पूल आला तसा त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी मंदावली. आरशात अण्णाचा चेहरा खिडकीकडं वळलेला. कृष्णेचं पाणी खाली उन्हात पांढरं दिसत होतं.

"अण्णा... थांबू?"

"नको."

मग थोड्या वेळानं,

"चालव."

जिनेंद्रनं चालवली. पूल संपला. दुतर्फा उसाचे फड आले, ट्रॅक्टर आले, एका ट्रॅक्टरनं रस्त्यावरचं डबकं उडवलं आणि गाडीची सबंध डावी बाजू चिखलानं माखली. जिनेंद्रनं गाडी थांबवली नाही.

मिरजेत चाचांच्या गल्लीत गाडी उभी राहिली. जिनेंद्रनं इंजिन बंद केलं, उतरून पुढून फिरून आला, चाचांना हात देऊन उतरवलं. चाचांनी काठी टेकली. जिनेंद्र वाकला आणि त्यांच्या पायाला हात लावला.

उभा राहिल्यावर त्याच्यानं राहवलं नाही. गाडीकडं बघत त्यानं विचारलं,

"चाचा, खरं सांगा... झाली ना गाडी?"

चाचांनी काचेतून आत बघितलं. डाव्या कोपऱ्यात अण्णाची मान सीटवर कलली होती, तोंड किंचित उघडं होतं, आणि घोरण्याचा बारीक आवाज येत होता.

चाचांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. मागं माणूस झोपलाय."